तमाजी डागदर आणि अण्णांचं ‘नाय’

माझी नात ठाण्याला असते आणि तिला परग्रहावरचे दुष्ट लोक फार आवडतात. सुट्टीत वीर स्टेशनवर उतरते, रिक्षानं महाडला घरी येते आणि चहाला उकळी फुटायच्या आत मांडीवर तो पडदा उघडून बसते. पडद्यावर एखादा निळ्या तोंडाचा इसम पृथ्वी फोडायला निघालेला असतो. मागच्या खेपेला तीच म्हणाली, “आजी, हे व्हिलन दर भागात कमजोर होत जातात. पहिल्या भागात हा कसला भारी होता, आणि आता बघ.” मी चष्मा लावून बघितलं. तो इसम पृथ्वी फोडायचं यंत्र बाजूला ठेवून आपल्या लहानपणाची हकिगत सांगत होता. त्याला म्हणे बापानं कधी जवळ घेतलं नव्हतं. आमच्या पिढीत कुणाच्याच बापानं कुणाला जवळ घेतलं नव्हतं, म्हणून आम्ही काही पृथ्वी फोडायला गेलो नाही. मी नातीला म्हटलं, हे असं का होतं ते मला तेराव्या वर्षी कळलं, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, वाल सोलता सोलता. ती हसली आणि पुन्हा पडद्यात शिरली. तिला ऐकायचं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते.

आमचं घर पोलादपूरपासून दीड तासाच्या चढावर होतं. घरात माणसं चार. थोरले चुलते, म्हणजे अण्णा, त्यांची बायको, माझी काकी, माझी आई, आणि मी. वडील आणि काकीचे दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत होते. ते गणपतीला आणि शिमग्याला येत, दहा दिवस पाहुण्यासारखे वागत, आणि जाताना वडील आईला सांगत, “दादा म्हनंल तसं कर.” दादा म्हणजे अण्णाच. अण्णा दिसायला काही राक्षस नव्हते. बुटके, पाय बारीक, कानात केस. दिवसभर ओटीवरच्या बाकावर बसून सुपारी कातरत. घरात कुठेही असलं तरी अडकित्त्याचा कटकट आवाज येई, आणि तो थांबला की काकी हातातलं काम टाकून कान देई. कारण तो थांबला म्हणजे अण्णा काहीतरी बोलणार. आणि ते बोलत तो शब्द बहुतेक एकच असे: “नाय.”

त्या ‘नाय’ला मागे-पुढे काही नसे. काकीचे गुडघे धरायचे. कुणीतरी तिला सांगितलं की सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर चार दिवस बसून आलीस तर मोकळी होशील. तिनं विचारलं. “नाय.” वडिलांनी एका गणपतीत म्हटलं, स्वयंपाकघराला एक खिडकी काढू, बायकांचे डोळे जातात धुरानं. “नाय.” का नाही, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आम्ही आपापल्या परीनं कारणं शोधत बसायचो. काकी म्हणायची, त्यांना काहीतरी दिसत असंल जे आपल्याला दिसत नाय. मलाही ते खरंच वाटे. खिडकी काढली असती तर भिंत पडली असती, काकी सवला गेली असती तर वाटेत काहीतरी वाईट घडलं असतं, असं मी स्वतःला पटवून द्यायची. एका माणसाच्या आळसाला आणि आडमुठेपणाला आम्ही बाकीच्या अक्कलवंत माणसांनी एवढं मोठं केलं होतं.

सगळ्यात जुनं ‘नाय’ आईचं होतं. तिचं माहेर शिवथरला. मी पाच वर्षांची असताना ती तिकडे मामाच्या लग्नाला गेली होती, त्यानंतर आठ वर्षं गेली नाही. दर दिवाळीला काकीनं तिच्या वतीनं विचारायचं आणि अण्णांनी नाय म्हणायचं. काकीनं विचारायचं, कारण आई अण्णांशी बोलत नसे. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, पदर पुढे ओढायचा, ते ओटीवर असले तर मागच्या दारानं जायचं, अशी रीत. लग्न होऊन आल्यापासून एकाच छपराखाली राहून आईनं त्यांना उद्देशून एक शब्द उच्चारला नव्हता. हे आज सांगितलं तर नातीला खोटं वाटेल. आम्हाला ते भाताच्या पेजेइतकं साधं वाटायचं.

त्या वर्षी गणपतीला वडिलांनी ट्रंकेतून पुस्तकांचा एक गठ्ठा आणला. त्यांच्या खोलीतला कुणी जोडीदार मुंबई सोडून कुठेतरी कामाला गेला, त्याची ही पुस्तकं. पाच होती, सुतळीनं बांधलेली, वरची पानं फाटलेली, त्यामुळे नाव नाही की आकडा नाही. वैज्ञानिक कादंबऱ्या म्हणे. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून दुपारी जेवणं झाली की मी वाचायचं आणि काकी नि आईनं वाल सोलता सोलता ऐकायचं असं ठरलं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की सालं सुटतात; चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी पट्‌कन परातीत पडते. त्या टपटपीत आणि ओटीवरच्या कटकटीत मी वाचत असे. अण्णा ऐकत नसल्याचं सोंग करीत. “असल्या गफ्फा,” म्हणत. पण मी एखादं पान गाळलं की बाहेरून खोकला येई.

आता गंमत अशी की वाचायला सुरुवात मी बुडाच्या पुस्तकापासून केली. मुंबईच्या माणसानं पहिलं पुस्तक वर ठेवलं होतं, कुणीही ठेवील तसं. पण आमच्या घरी भाकऱ्यांच्या टोपलीचा कायदा होता: बुडाची आधी. खालची भाकरी शिळी, म्हणून ती पहिल्यांदा खायची, तोवर वरची शिळी व्हायची, मग दुसऱ्या दिवशी ती. अशा रीतीनं आम्ही बायका वर्षानुवर्षं कालची भाकरी खात होतो. तव्यावरची गरम भाकरी अण्णांना, कारण कायदा त्यांचा होता. तर काहीही रचलेलं दिसलं की खालून सुरू करायचं हे माझ्या हाताला लागलेलं. म्हणून आम्ही त्या पाच पुस्तकांतलं शेवटचं पहिल्यांदा वाचलं आणि पहिलं शेवटी. बऱ्याच वर्षांनी महाडला मास्तरीण झाल्यावर एका ग्रंथालयात मला तीच पुस्तकं आकड्यांसकट सापडली, तेव्हा ही चूक कळली. तोवर मला वाटत होतं की लेखक फार हुशार आहे.

खलनायकाचं नाव डॉक्टर तमोहर. लेखकाला वाटलं असावं की तम म्हणजे अंधार, तेव्हा नाव भयंकर झालं. तमोहर म्हणजे अंधार घालवणारा, हे त्याला कुणी सांगितलं नाही. बिचाऱ्या तमोहरालाही माहीत नव्हतं. काकीला ते नाव वळेना, तिनं त्याचा तमाजी डागदर केला आणि घरात तेच चालू झालं. तर आम्ही वाचलेल्या पहिल्या पुस्तकात हा तमाजी एका जवाहिऱ्याच्या दुकानातून हार चोरतो. अदृश्य होण्याचं औषध पिऊन. औषधाचा अंमल उतरतो, नायकाचा कुत्रा त्याचं धोतर धरतो, आणि पकडला गेल्यावर तो सात पानं बोलतो. विद्यापीठानं आपल्याला पदक कसं दिलं नाही, मित्र कसे हसले, ही सगळी जंत्री. काकी म्हणाली, “याला तर आपला मोत्या पन धरील.” मोत्या आमचा कुत्रा, चौदा वर्षांचा आणि आंधळा.

पुढच्या, म्हणजे खरं तर आधीच्या, पुस्तकात तो एक आगगाडी गायब करतो आणि चार पानं बोलतो. तो बोलत असताना नायक मागे बांधलेले हात सोडवून घेतो. त्यापुढच्यातही तेच, फक्त गाडीऐवजी धरण आणि दोन पानं. चौथ्यात तो कारण सांगायला तोंड उघडतो आणि मग गप्प बसतो; त्या पुस्तकात नायक पहिल्यांदा हरता हरता वाचतो. आम्ही सोलता सोलता थांबू लागलो. आणि पाचवं पुस्तक, जे खरं पहिलं, त्यात तमाजीनं सूर्य विझवला. समुद्राच्या तळाशी एका खोलीत तो बसलेला आहे, हात एका खटक्यावर, आणि सगळ्या पुस्तकात तो एकदाही बोलत नाही. लोक त्याला निरोप पाठवतात, हात जोडतात, काय हवं ते माग म्हणतात. तो काही मागत नाही. त्या दुपारी काकी दोनदा उठून अंगणात ऊन आहे का बघून आली. “नाचणी वाळत घातलीय,” म्हणाली. नाचणी तिनं आदल्या दिवशीच भरून ठेवली होती.

ज्यांनी ही पुस्तकं सरळ क्रमानं वाचली असतील त्यांना सूर्य विझवणारा माणूस शेवटी हारचोर झालेला दिसला असेल, आणि माझ्या नातीसारखे तेही हळहळले असतील. लेखकाचं मी समजू शकते. त्याला दर वेळी तमाजीला हरवायचंही होतं आणि पुढच्या पुस्तकासाठी जिवंतही ठेवायचं होतं; मग पानं भरायची कशानं, तर तमाजीच्या गाऱ्हाण्यांनी. पण मला दिसलं ते उलट क्रमानं दिसलं, आणि त्यामुळे जास्त स्वच्छ दिसलं. बोलणं कमी झालं की तो वाढत होता. एवढंच त्यात होतं, विज्ञानाबिज्ञानाचा काही संबंध नव्हता.

सूर्य विझलेला होता आणि पुस्तकाची वीसेक पानं उरली होती, त्या दुपारी धोंडूतात्या आला. धोंडूतात्या आमच्याच वाडीतला, म्हशींचा व्यापार करायचा, त्यासाठी बिरवाडीपर्यंत जायचा. तो ओटीच्या पायरीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “अण्णा, बिरवाडीला शिवथरचा तुमचा सोयरा भेटला. म्हातारी परसात पडली म्हनं. मांडीचं हाड गेलंय. उठत नाय. लेकीचं नाव घेतंय सारखं. थोडं दीस पाठवा, असा सांगावा दिलाय.”

आतल्या दाराशी आई परात घेऊन बसली होती. टपटप थांबली. म्हातारी म्हणजे तिची आई. तिनं काकीकडे पाहिलं. काकी उंबऱ्यापर्यंत गेली. “अवो, जाऊ द्याचं का तिला?”

कटकट थांबली. “नाय,” अण्णा म्हणाले, आणि सुपारीचं दुसरं खांड घेतलं.

मी आईकडे पाहिलं. तिनं खाली घातलेली मान वर केली नाही, पण परातीतल्या पाण्यात तिचे दोन्ही हात तसेच बुडलेले राहिले. म्हातारी मरेल आणि ही वाल सोलत बसेल, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि मला इतका राग आला की भीती वाटायची राहिली. माझ्या मांडीवर ते पुस्तक होतं. मी ते घेऊन ओटीवर गेले आणि म्हटलं, “का?”

“काय?” अण्णा म्हणाले.

“का नाय?”

तो शब्द त्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. अण्णांनी त्या वेळी गप्प बसायला हवं होतं. किंवा माझ्या थोबाडीत द्यायला हवी होती. कुणी काही म्हटलं नसतं. पण पायरीवर धोंडूतात्या बसला होता. त्याच्यासमोर आपण शहाणे दिसावं असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी अडकित्ता मांडीवर ठेवला आणि कारण सांगितलं.

“भातं निसवल्यात, लोंब्या आल्यात. रानातनं डुकरं उतरत्यात. राखन कोन करंल?”

“राखनीला ती कवा गेली?” काकी उंबऱ्यातून म्हणाली. “तुमीच जाता की.”

“वाटंत पान्याला वढ हाय.”

“वसरलंय पानी, अण्णा,” धोंडूतात्या म्हणाला. “कालच म्हशी घालून आनल्या. गुडघ्याला पन लागत नाय.” तो बिचारा मदतच करत होता.

“बाईमानूस एकटी जाईल एवढ्या लांब?”

“मी परवा परत जातोच हाय. बिरवाडीत सोयऱ्याच्या हवाली करतो.”

अण्णा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला आणि बारीक झाला. “आनि मला दुसऱ्या पंगतीला बसवला त्याचं काय? तिच्या भावाच्या लग्नात! थोरला सोयरा मी! पैल्या पंगतीला त्यांचा तो तलाठी बसवला, गावचा वानी बसवला, आनि मला म्हनत्यात जरा दम खावा! आमटी थंड! भात बुडाचा, करपलेला!”

धोंडूतात्या आपल्या चपलांकडे बघत बसला. आठ वर्षं आम्ही त्या ‘नाय’च्या पलीकडे काय काय कल्पिलं होतं. जुनं वैर असेल, जमिनीचं काही असेल, कुणी शाप दिला असेल, माझ्या आईच्या घराण्यात काही काळं असेल. आणि पलीकडे थंड आमटीचा द्रोण होता. सूर्य विझवणारा माणूस हार चोरताना सापडला होता, आणि पदक मिळालं नाही म्हणून सांगत होता.

मग काकी हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सुटला. ती उंबऱ्यावर बसली, दुखऱ्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून हसत राहिली. “आमटीपायी? अवो, आठ वर्सं आमटीपायी?” अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तेच सांगू लागले. तलाठी कुठे बसला होता, वाणी कुठे बसला होता. जितकं सांगत तितके ते बाकाएवढे, मग पाटाएवढे होत गेले. मला त्यांची कीव आली नाही. आजही येत नाही.

आत परात बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग पाणी ओतून हात धुतल्याचा. मग ट्रंकेचं झाकण.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई धोंडूतात्याबरोबर निघाली. बोचक्यात दोन लुगडी आणि शेरभर वाल. मी तिला खालच्या पायवाटेपर्यंत सोडायला गेले. माझ्या अंगात फार वारं भरलं होतं. मी म्हटलं, “आये, अण्णांना मी बोलतं केलं ना?” मला वाटलं ती माझी पाठ थोपटेल. ती म्हणाली, “केलंस गो बाय. आता तू गप ऱ्हा.” आणि चार पावलं पुढे जाऊन वळली. “पुस्तक पुरं वाचून ठेव. तमाजीचं काय झालं ते मला मागनं सांग.” तेव्हा मला ते नुसतं हौसेचं बोलणं वाटलं. वाल सोलणाऱ्या बाईनं पाची पुस्तकं माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकली होती, हे मला नंतर कळलं, आणि ते कळायला फार दिवस लागले नाहीत.

पंधरा दिवस गेले. घरात अण्णा, काकी आणि मी. तिनं टोपलीतली वरची भाकरी आधी काढायला सुरुवात केली आणि अण्णांना ते दिसलं तरी ते काही म्हणाले नाहीत. बोलत मात्र फार. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून ओटीवर बसवत आणि पंगतीची गोष्ट सांगत. लोक सुपारी खात, हो हो म्हणत, आणि पुढच्या वळणावर जाऊन हसत. मग भात पिवळं झालं. कापणीला हात कमी पडायला लागले, तेव्हा अण्णांनी धोंडूतात्याजवळ निरोप दिला. “जाऊन सांग, भात कापनीला आलंय. परत ये म्हनावं. मी सांगितलंय म्हनावं.”

धोंडूतात्या चार दिवसांनी आला. या वेळी तो थेट शिवथरपर्यंत जाऊन आला होता. पायरीवर बसला आणि पाणी प्यायला.

“काय म्हनली?” अण्णांनी विचारलं.

“नाय म्हनली.”

“नाय म्हंजे?”

“नाय म्हंजे नाय. म्हातारीच्या उशाशी बसून वाल सोलत व्हती. मी तुमचा निरोप सांगितला. मान पन वर केली नाय तिनं. ‘अण्णांना सांगा, नाय,’ म्हनली, बस.”

अण्णांच्या हातातली सुपारी अडकित्त्यात तशीच राहिली. इतक्या वर्षांत आईनं त्यांना उद्देशून बोललेला तो पहिला शब्द होता. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी धोंडूतात्याला विचारलं, “का?”

“ते काय सांगितलं नाय,” धोंडूतात्या म्हणाला, आणि चपला घालून घरी गेला.

आई दोन महिन्यांनी आली, कापणी, झोडणी सगळं उरकल्यावर, म्हातारीचं तेरावं करून. ते दोन महिने तिला मिळाले, आणि तिनं ते अण्णांकडून मागून घेतले नव्हते. दुपारची वेळ होती, अण्णा ओटीवर होते. आई मागच्या दाराकडे वळली नाही. समोरच्या पायऱ्या चढून, पदर डोक्यावर जेवढा होता तेवढाच ठेवून, त्यांच्यासमोरून आत गेली. जायला वाट व्हावी म्हणून अण्णांनी पाय आखडून घेतले.